रिमोट डेस्कटॉप सर्व्हर घेताय? आधी माणसं मोजा

ऑफिस उद्यमनगरात, शेड गोकुळ शिरगावला, गोडाऊन शिरोलीत आणि सीए राजारामपुरीत. कोल्हापुरात बऱ्याच धंद्यांचा पसारा असा चार ठिकाणी असतो आणि टॅलीचा डेटा मात्र एकाच कॉम्प्युटरवर. बाकीच्यांचा दिवस पेन ड्राइव्ह, व्हॉट्सॲप आणि "जरा बघून सांगा की, त्या पार्टीचं येणं किती आहे" असल्या फोनांत जातो. मग कुणीतरी सुचवतं, रिमोट डेस्कटॉप सर्व्हर बसवून घ्या. सल्ला चांगलाच असतो. घोळ होतो तो कोटेशन हातात पडल्यावर. त्यात विंडोज सर्व्हर, युजर कॅल, आरडीएस कॅल अशा चार-पाच ओळी असतात. (कॅल म्हणजे सर्व्हर वापरायचं माणसागणिक किंवा मशीनगणिक लायसन्स, आरडीएस म्हणजे मायक्रोसॉफ्टचं रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस.) मालक त्यातली सगळ्यात महाग ओळ खोडतात आणि नेमकी तीच लागणारी असते.

छोट्या ऑफिसांत सर्व्हर बसवणं आणि ते चालू ठेवणं हे माझं रोजचं काम. पहिल्यांदा सर्व्हर घेणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो. मशीन किती जीबीचं हा प्रश्न नंतरचा. कोण, कुठल्या कॉम्प्युटरवर, कुठल्या पाळीत बसणार याचा कागद आधी तयार करा. लायसन्स, मशीन, बजेट सगळं त्या कागदातूनच निघतं.

पहिली पायरी: खरंच लागतोय का, ते बघा

आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टींना सरसकट 'रिमोट' म्हणतात. एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरने दुसऱ्याचा चालू स्क्रीन दिसतो. दुरुस्तीसाठी ते उत्तम, पण त्यात दोघं एकाच माऊसवर असतात. दुसरी गोष्ट म्हणजे विंडोज प्रोमध्ये आधीच असलेला रिमोट डेस्कटॉप. घरून ऑफिसच्या आपल्या कॉम्प्युटरवर काम करता येतं, पण एका वेळी एकच माणूस. तुम्ही घरून आत गेलात की ऑफिसमधला स्क्रीन लॉक होतो. विंडोज होमवर बाहेरून आत येण्याची सोयच नसते, हे लॅपटॉप घेताना लक्षात ठेवा.

तिसरा प्रकार म्हणजे रिमोट डेस्कटॉप सर्व्हर. एकाच मशीनवर दहा जण एकाच वेळी काम करतात आणि प्रत्येकाला स्वतःचा वेगळा डेस्कटॉप मिळतो. काम सगळं सर्व्हरच्या आत चालतं. तुमच्या टेबलापर्यंत येतं ते फक्त चित्र, तुमच्याकडून जातात ते कीबोर्डचे ठोके. म्हणून साध्या नेटवरही टॅली पळतं. आणखी एक फायदा रोजच्या कामात फार जाणवतो. शिरोलीत लाइट गेली, राउटर बंद पडला, तरी इकडे ऑफिसात यूपीएसवरच्या सर्व्हरमध्ये तुमचं सेशन तसंच उघडं राहतं. परत जोडलं की अर्धवट टाकलेलं व्हाउचर होतं तिथंच सापडतं.

तुमचं सगळं काम ब्राउझरमध्येच चालत असेल, बिलिंग क्लाउडवर असेल, तर हा खर्च करू नका. मालकांना रात्री घरून फक्त रिपोर्ट बघायचे असतील तर एक विंडोज प्रो आणि चांगलं व्हीपीएन (नेटवरून ऑफिसात यायचा बंदिस्त, सुरक्षित रस्ता) पुरतं. तीन-चार जणांपासून पुढे, वेगवेगळ्या जागांवरून, एकाच डेटावर, एकाच वेळी काम करायचं असेल तेव्हाच पुढची पायरी.

दुसरी पायरी: कागदावर माणसं आणि मशीन मांडा

एक कोरा कागद घ्या. चार रकाने आखा: नाव, कुठल्या कॉम्प्युटरवर बसणार, पाळी, आणि कुठलं सॉफ्टवेअर लागणार. सगळ्यांची नावं लिहा. आठवड्यातून एकदाच येणारा माणूसही लिहा, बाहेरून लॉगिन करणारा सीएच्या ऑफिसातला मुलगाही लिहा. जो आत येतो, तो लायसन्सच्या हिशेबात धरावाच लागतो.

हा कागद एवढा महत्त्वाचा का, ते दोन उदाहरणांत दिसेल.

एक फाउंड्री धरा. डिस्पॅच, स्टोअर आणि लॅब या तीन ठिकाणी एकेक कॉम्प्युटर, तिथं तीन पाळ्यांत मिळून नऊ माणसं. अकाउंटला दोघं, दोन कॉम्प्युटर. मालक आणि त्यांचा एक कॉम्प्युटर. माणसं झाली १२, मशीन ६. इथं मशीनवर लायसन्स घेतलं तर निम्म्यात भागतं. मालकांनी घरचा लॅपटॉप आणि मोबाइल जोडला तरी आकडा ८ वर थांबतो.

आता मार्केट यार्डातलं गुळाचं अडत दुकान धरा. मालक, मुलगा, दोन दिवाणजी आणि हिशेबनीस अशी पाच माणसं. दुकानात चार कॉम्प्युटर, तिघांकडे लॅपटॉप, बापलेकांचे दोन मोबाइल. सौदे संपल्यावर रात्री घरून शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या करायच्या असतात, त्यामुळे सगळी साधनं वापरात. मशीन ९, माणसं ५. इथं माणसावर लायसन्स घ्यायचं.

मायक्रोसॉफ्टच्या भाषेत पहिलं 'पर डिव्हाइस', दुसरं 'पर युजर'. दोन्हींची किंमत साधारण जवळपास असते, त्यामुळे ज्याची संख्या कमी ते घ्यायचं. एका सेशन सर्व्हरवर मात्र यातली एकच पद्धत लावता येते. थोडे असे, थोडे तसे चालत नाही, म्हणून कागद आधी.

इथं एक गैरसमज हमखास असतो. "आमच्याकडे वीस जण आहेत, पण एका वेळी पाचच बसतात, मग पाच घेऊ." कॅल एकाच वेळी किती बसले यावर मोजत नाहीत. वीस माणसं वापरणार असतील तर युजर कॅल वीस. ती पाच ठरावीक कॉम्प्युटरांवरच बसत असतील तर डिव्हाइस कॅल पाच. एक युजर कॅल आज याला, उद्या त्याला असंही फिरवता येत नाही. माणूस नोकरी सोडून गेला तर त्याचं लायसन्स नव्या माणसाला देता येतं, पण साधारणपणे ९० दिवसांच्या आत पुन्हा-पुन्हा बदल करता येत नाहीत.

तिसरी पायरी: लायसन्सचे तीन थर समजून घ्या

कोटेशनमध्ये तीन वेगळ्या ओळी असायलाच हव्यात. एखादी गायब असेल तर विक्रेत्याला विचारा.

पहिला थर विंडोज सर्व्हर स्टँडर्ड. हे प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात आणि एका सर्व्हरला कमीत कमी १६ कोअरचं लायसन्स घ्यावंच लागतं. तुमचं मशीन ८ कोअरचं असलं तरी पैसे १६ चेच. त्याच लायसन्सवर दोन व्हर्च्युअल मशीन (एका मशीनच्या आत सॉफ्टवेअरनं बनवलेली वेगळी मशीन) चालवायचा हक्क मिळतो. तो वाया घालवू नका, पुढे तो उपयोगी पडणार आहे.

दुसरा थर विंडोज सर्व्हर कॅल. सर्व्हरला हात लावण्याचा परवाना. हे कुठंही टाकायचं नसतं, फक्त कागदावर असतं. टाकायचं नसतं म्हणूनच ते कोटेशनमधून गुपचूप गळतं.

तिसरा थर आरडीएस कॅल. सर्व्हरवर स्वतःचा डेस्कटॉप उघडून बसण्याचा परवाना. हे मात्र लायसन्स सर्व्हरमध्ये, म्हणजे विंडोज सर्व्हरच्याच लायसन्स वाटणाऱ्या भागात, टाकावं लागतं. म्हणजे दहा युजर असतील तर सर्व्हर कॅल दहा आणि आरडीएस कॅलही दहा.

"पण आमच्या सर्व्हरवर तर दोघं जण काहीही न घेता लॉगिन करतात," असं कुणी सांगेल. खरं आहे. विंडोज सर्व्हरमध्ये दोन रिमोट सेशन फुकट मिळतात, पण ती सर्व्हरची देखभाल करण्यासाठी. त्यावर बसून बिलं करणं लायसन्समध्ये बसत नाही.

आवृत्तीचंही बघा. नवीन आवृत्तीचे आरडीएस कॅल जुन्या सर्व्हरला चालतात, जुने कॅल नव्या सर्व्हरला चालत नाहीत. कुणी स्वस्तात २०१९ चे कॅल देत असेल आणि तुमचा सर्व्हर २०२२ चा असेल, तर ते पैसे पाण्यात. सेकंडहँड सर्व्हर घेताना आतली विंडोज बघा: सर्व्हर २०१२ आर२ चे अपडेट १० ऑक्टोबर २०२३ ला संपले, २०१६ ला १२ जानेवारी २०२७ पर्यंत मिळणार, २०१९ ला ९ जानेवारी २०२९ पर्यंत, २०२२ ला १४ ऑक्टोबर २०३१ पर्यंत. अपडेट संपलेल्या सर्व्हरवर बाहेरून माणसं आत घ्यायची म्हणजे कुलूप मोडलेल्या दुकानाला फक्त कडी लावून घरी जाणं.

चौथी पायरी: पर्याय तोलून बघा

पाच ते पंचवीस माणसांच्या ऑफिसला मी सहसा मायक्रोसॉफ्टचंच आरडीएस सुचवतो. टॅली आणि बाकीची सॉफ्टवेअर त्यावर बिनतक्रार चालतात, आणि उद्या मी नसलो तरी दुसरा माणूस येऊन ते सांभाळू शकतो. छोट्या धंद्याला ही दुसरी गोष्ट फार मोलाची आहे.

टीएसप्लस, थिनस्टफ, पॅरलल्स रॅस, सिट्रिक्स अशी दुसऱ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरही आहेत. ब्राउझरमधून ॲप्लिकेशन उघडणं, प्रिंटिंग, सुरक्षेच्या जादा सोयी यासाठी ती घ्यावीत, चांगली आहेत. पण "हे घेतलं की कॅल लागत नाहीत" असं कुणी सांगितलं तर सही करायच्या आधी थांबा. मायक्रोसॉफ्टच्या अटींप्रमाणे विंडोज सर्व्हरवरचा डेस्कटॉप कुठल्याही तंत्रातून अनेकांना दाखवला, तरी आरडीएस कॅल लागतात. त्यांच्या जागी हे सॉफ्टवेअर येत नाही, त्यांच्यावर जादा येतं.

साध्या विंडोज १० किंवा ११ मध्ये बदल करून एकाच वेळी पाच-सहा जणांना बसवायची युक्ती बाजारात सर्रास चालते. आरडीपी रॅपर नावाचं प्रकरण यातलंच. विंडोजच्या परवान्यात ते बसत नाही. शिवाय महिन्याचा अपडेट आला की ते मोडतं, मग बसवणारा अपडेटच बंद करून टाकतो. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, तेव्हा तो रस्ता आणखीच धोक्याचा झाला. मी हे काम घेत नाही. पैसे वाचावेत ही मालकाची तळमळ मला कळते, म्हणूनच सांगतो: तुमची सगळी उधारी-जमा त्या एका मशीनवर असते.

लिनक्सचा रस्ता खरोखर चांगला आहे, पण ज्यांना तो लागू पडतो त्यांनाच. एक्सआरडीपी किंवा एक्सटूगो टाकून उबुंटूवर दहा जणांना बसवलं तर मायक्रोसॉफ्टचा एकही कॅल लागत नाही. ब्राउझर, ईमेल आणि लिबरऑफिसवर भागणाऱ्या ऑफिसनं हा विचार जरूर करावा. टॅली मात्र विंडोजसाठी बनलेलं आहे.

क्लाउडवर अझ्युर व्हर्च्युअल डेस्कटॉप आहे आणि अझ्युरचं एक डेटा सेंटर पुण्यातच आहे. तिथं विंडोज ११ ची एकाच वेळी अनेकांना बसवणारी खास आवृत्ती मिळते, ती तुमच्या ऑफिसातल्या साध्या सर्व्हरवर मिळत नाही. माणसं सीझनप्रमाणे कमी-जास्त होत असतील, जागा भाड्याची असेल, तर ते परवडू शकतं. तुलना करताना पहिल्या महिन्याचं बिल बघू नका. पाच वर्षांचा खर्च एका बाजूला, मशीन, लायसन्स, यूपीएस, देखभाल मिळून पाच वर्षांचा खर्च दुसऱ्या बाजूला, असं मांडा.

पाचवी पायरी: आतल्या सॉफ्टवेअरचं लायसन्स वेगळं

सर्व्हरचं झालं, आता त्यावर चालणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरचं विचारा. टॅलीप्राइम सिल्व्हर एका युजरसाठी आहे, अनेकांनी एकाच वेळी काम करायचं तर गोल्ड लागतं. कॉम्प्युटरबरोबर आलेलं किंवा डब्यातून घेतलेलं ऑफिस अशा सर्व्हरवर वापरायला चालत नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ घेत असाल तर बिझनेस स्टँडर्डमध्ये सर्व्हरवर वाटून वापरायची सोय नाही, बिझनेस प्रीमियममध्ये आहे. अकाउंटच्या दोघांनाच एक्सेल लागत असेल तर फक्त त्यांनाच द्या, बाकीच्यांना लिबरऑफिस. दुसऱ्या पायरीतला चौथा रकाना यासाठीच होता.

मराठी टायपिंगचं आधीच तपासा. पत्रं युनिकोडमध्ये होत असतील तर काही अडत नाही, सर्व्हरवर मराठी कीबोर्ड टाकला की झालं. जुन्या फाँटचं सॉफ्टवेअर डाँगलवर (यूएसबीत लावायच्या किल्लीवर) चालत असेल तर ते सर्व्हरवर अनेकांना चालेल का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

सहावी पायरी: मशीन

इथं फार अडकू नका. टॅली, ब्राउझर आणि थोडं एक्सेल वापरणाऱ्या माणसामागे मी २ ते ३ जीबी रॅम धरतो, वर सर्व्हरची स्वतःची. दहा जणांना ३२ जीबीत बरं चालतं. ब्राउझरमध्ये पंधरा टॅब उघडून ठेवणारा एक जण दोघांची रॅम खातो, त्यामुळे पुढे वाढवायला स्लॉट मोकळा ठेवा. डिस्क एसएसडी आणि दोन, एकीवरचं सगळं दुसरीवर आपोआप उतरेल अशा जोडीनं. प्रोसेसर ८ कोअरचा पुरे.

मघाशी म्हटलेला दोन व्हर्च्युअल मशीनचा हक्क इथं वापरायचा. मुख्य मशीनवर फक्त हायपर-व्ही, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा विंडोजचा भाग. आत एक व्हर्च्युअल मशीन डोमेनसाठी (सगळ्यांची खाती आणि पासवर्ड एका जागी सांभाळणारी व्यवस्था), तिथंच लायसन्स सर्व्हर. दुसरं सेशनसाठी, ज्यावर माणसं बसतात. डोमेन आणि माणसांची सेशनं एकाच ठिकाणी ठेवू नयेत. आणि डोमेनच नसेल तर 'पर युजर' पद्धत नीट चालत नाही: सर्व्हर २०१९ पासून पुढे अशा वेळी "६० मिनिटांत सेशन तुटेल" असा इशारा येतो आणि खरोखर तुटतं. डोमेन नको असेल तर 'पर डिव्हाइस' घ्या.

सातवी पायरी: विकत घेताना

तिन्ही थर वेगळ्या ओळींत, संख्या, आवृत्ती, युजर की डिव्हाइस हे स्पष्ट, आणि १८ टक्के जीएसटी वेगळा दाखवलेलं कोटेशन मागा. बिल तुमच्या फर्मच्या नावाचं आणि तुमच्या जीएसटी नंबरचं हवं. लायसन्स ऑनलाइन पोर्टलवर मिळणार असेल तर ते खातं तुमच्या ईमेलवर उघडून घ्या, विक्रेत्याच्या नाही. विक्रेता बदलला, दुकान बंद झालं, की दुसऱ्याच्या ईमेलवरची लायसन्सं परत मिळवताना माणसं मेटाकुटीला आलेली मी पाहिली आहेत.

दीड-दोन हजारांत 'लाइफटाइम की' विकणाऱ्यांकडे जाऊ नका. की चालते म्हणजे परवाना मिळाला असं होत नाही. तपासणी आली तर दाखवायला हातात काहीच नसतं.

आठवी पायरी: कॅल टाका, आणि टाकल्याची खात्री करा

ही पायरी मी सविस्तर सांगणार आहे, कारण इथं माझी चूक झाली होती आणि तिची झळ दुसऱ्यांना बसली.

विंडोज सर्व्हर तुम्हाला आरडीएस कॅलशिवाय १२० दिवसांची मुदत देतो. त्या काळात सगळं व्यवस्थित चालतं. एका ग्राहकाकडे मी २० नोव्हेंबरला सर्व्हर चालू करून दिला. दहा जणांचं ऑफिस. लायसन्स रीतसर घेतलेली, बिल फायलीत, किल्ल्या मेलमध्ये. प्रिंटरचा घोळ होता, जुना डेटा आणायचा होता, म्हणून कॅल दुसऱ्या दिवशी टाकायचं ठरवलं आणि ते राहून गेलं. काहीच अडत नव्हतं, त्यामुळे कुणाला आठवण होण्याचं कारणही नव्हतं.

२० मार्चला सकाळी साडेदहाला मालकांचा फोन आला. "अहो, कुणालाच आत जाता येईना झालंय. पासवर्ड बरोबर आहे, लाइट आहे, नेट आहे. आज वीस तारीख, जीएसटीचा थ्री-बी भरायचाय!"

मी पोचलो तेव्हा अकाउंटच्या मॅडम सर्व्हरच्या त्या चिंचोळ्या खोलीत प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसल्या होत्या. कीबोर्ड मांडीवर, बिलांची फाईल यूपीएसवर. थेट मशीनसमोर बसलेल्या माणसाला ही अडचण येत नाही, हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं होतं आणि त्या एकट्या सगळ्यांच्या एंट्र्या उरकत होत्या. बाहेर नऊ जण बसून. स्क्रीनवरचा मेसेज वाचला, तारखा बोटांवर मोजल्या. बरोबर १२० दिवस. मेलमधल्या किल्ल्या काढून कॅल टाकायला मला अर्धा तासही लागला नाही. रिटर्न संध्याकाळी वेळेत गेला, पण त्या नऊ जणांचा अर्धा दिवस माझ्यामुळे गेला, आणि मॅडम शेवटपर्यंत "असू दे हो" म्हणत होत्या, ते मला जास्त लागलं.

म्हणून पहिल्याच दिवशी हे करा. सर्व्हर मॅनेजरमधून रिमोट डेस्कटॉप लायसन्सिंग हा रोल टाका. लायसन्सिंग मॅनेजर उघडून सर्व्हर ॲक्टिव्हेट करा, नेटवरून होतं. त्याच ठिकाणी कॅलची की किंवा करार क्रमांक टाका, आणि दिसणारी संख्या बिलाशी ताडून बघा. पुष्कळ जण इथं थांबतात, पण अजून अर्धं काम बाकी असतं. सेशन सर्व्हरला सांगावं लागतं की लायसन्स कुठून घ्यायचं. ग्रुप पॉलिसीत कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कॉम्पोनंट्स, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, सेशन होस्ट, लायसन्सिंग असं आत जा. तिथं दोन गोष्टी भरा: लायसन्स सर्व्हरचं नाव आणि पद्धत, युजर की डिव्हाइस. मग आरडी लायसन्सिंग डायग्नोजर चालवा. त्यात एकही तक्रार उरली नाही की त्या स्क्रीनची प्रिंट काढून बिलाच्या फायलीला लावा. आता मी ती प्रिंट लावल्याशिवाय ग्राहकाकडून निघत नाही.

नववी पायरी: दार बंद ठेवा

रिमोट डेस्कटॉप ३३८९ या पोर्टवर, म्हणजे नेटवरून आत यायच्या या नंबरच्या दारावर, चालतो. राउटरमध्ये ते पोर्ट थेट बाहेर उघडून देणं ही पाच मिनिटांची सोय आहे आणि ती कधीही करू नका. जगभरची मशीन दिवसरात्र हेच पोर्ट शोधत फिरत असतात आणि सापडलं की पासवर्ड ठोकत बसतात. पोर्टचा नंबर बदलून उपयोग नाही, तेही सापडतं. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची त्रुटी उघड झाली, तिच्यात तर जुन्या विंडोजवर पासवर्डचीही गरज नव्हती.

बाहेरून येणाऱ्यांना आधी व्हीपीएनमधून आणा. वायरगार्ड आणि ओपनव्हीपीएन दोन्ही फुकट आणि भरवशाची आहेत. नेटवाल्यानं तुम्हाला स्वतंत्र आयपी दिला नसेल तर स्टॅटिक आयपी (नेटवरचा न बदलणारा पत्ता) मागा, नाहीतर टेलस्केलसारखं तयार व्हीपीएन वापरा. मायक्रोसॉफ्टचं आरडी गेटवेही चालेल, पण त्यावर मोबाइलवरची दुसरी पडताळणी लावा. पाच-सात चुकीच्या पासवर्डांनंतर खातं काही वेळ बंद होईल असं ठेवा. सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड, तोही फर्मचं नाव आणि १२३, हे आजच बदला. माणसांना रिमोट डेस्कटॉप युजर्स या गटात टाका, ॲडमिनिस्ट्रेटर कुणालाच करू नका, मालकांनाही नको. मालकांना हे सांगणं अवघड जातं, पण त्यांच्या खात्यातून आत आलेला व्हायरस सगळ्यांच्या फाइली बंद करू शकतो.

बॅकअप रोजचा हवा, आणि एक प्रत सर्व्हरला न जोडलेली. जोडलेल्या डिस्कला रॅन्समवेअर (फाइली बंद करून खंडणी मागणारा व्हायरस) सोडत नाही. तुमची फर्म कंपनी म्हणून नोंदलेली असेल तर हिशेबाच्या इलेक्ट्रॉनिक वह्यांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि १ एप्रिल २०२३ पासून एडिट लॉग (कुठली नोंद कधी बदलली याचा माग) ठेवणारं सॉफ्टवेअरही. तरीही हल्ला झालाच तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवायचा नियम आहे आणि लॉग १८० दिवसांचे ठेवायचे असतात. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

दहावी पायरी: प्रिंटर आणि डिजिटल सही

चालू झाल्यावर पहिल्या आठवड्यात तक्रारी येतात त्या याच दोन. जोडून वापरायच्या कागदावर बिलं काढणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर रिमोटमधून चित्र म्हणून छापायला लागतो, मग एक बिल निघायला वेळ लागतो आणि ओळी सरकतात. तो प्रिंटर सर्व्हरला नेटवर्कवर थेट जोडा आणि त्याचाच ड्रायव्हर सर्व्हरवर टाका. कागदाचं माप हातानं भरून घ्या आणि खऱ्या बिलाच्या दहा प्रती काढून बघा.

डिजिटल सहीचं टोकन सर्व्हरच्या मागं लावून ठेवलं तर रिमोटवर बसलेल्याला ते दिसत नाही. विंडोज रिमोट सेशनमध्ये समोरच्या कॉम्प्युटरचं टोकन शोधतं. म्हणून टोकन सही करणाऱ्याच्या टेबलावर लावा आणि कनेक्शनच्या सेटिंगमध्ये स्मार्ट कार्डवर खूण करा. त्याहून सोपं म्हणजे जीएसटी पोर्टल आपल्या कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरमध्ये उघडा, सर्व्हरवर नको.

अकरावी पायरी: पावसाळ्याच्या आत जागा ठरवा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर भागात पाणी आलं आणि शिरोलीजवळ हायवे बंद झाला. अशा दिवसांत माणसं घरून काम करू शकतात, हाच या सर्व्हरचा मोठा उपयोग, पण तो तळमजल्यावर फरशीवर ठेवलेला नसेल तरच. सर्व्हर पहिल्या मजल्यावर, निदान भिंतीवरच्या रॅकमध्ये छातीच्या उंचीला. यूपीएसच्या बॅटऱ्याही वर. बॅकअपची सुटी डिस्क पुराचं पाणी न येणाऱ्या भागात कुणाच्या तरी घरी.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ३९ चा आकडा आला की काय करायचं, ते आत्ताच एका कागदावर लिहून सर्व्हरच्या दारावर चिकटवा: सगळ्यांनी लॉग ऑफ करायचं, शेवटचा बॅकअप सुट्या डिस्कवर घ्यायचा, सेशनचं व्हर्च्युअल मशीन बंद, मग डोमेनचं, मग मुख्य मशीन, शेवटी यूपीएस. खाली सर्व्हर उचलून नेणाऱ्या दोघांची नावं आणि किल्ली कुणाकडे असते ते लिहा.